पत्त्याचीसुद्धा नक्कलच जाते

सी शिकवायला लागलं की एक दिवस हा प्रश्न येतोच. मुलानं दोन आकड्यांची अदलाबदल करणारं 'स्वॅप' फंक्शन लिहिलेलं असतं. फंक्शनच्या आत छापलं तर आकडे बदललेले, मेनमध्ये येऊन छापलं तर होते तसेच. "सर, आत तर बदललं. मग बाहेर कामून नाही?" परभणीची लॅब असो, जिंतूरची की गंगाखेडची, प्रश्नाचे शब्दही फारसे बदलत नाहीत.

आमच्याकडच्या मुलांपुढे मी सातबारा ठेवतो. सातबाऱ्याची झेरॉक्स कुणाला दिली आणि त्यानं तिच्यावर कितीही खाडाखोड केली, तरी तलाठ्याच्या दप्तरात काही हलत नाही. फंक्शनला व्हॅल्यू दिली की ही झेरॉक्स जाते. पण चिठ्ठीवर गट नंबर लिहून दिला, तर माणूस नेमका त्या वावरात पोचतो आणि नांगरही घालू शकतो. व्हेरिएबलपुढे अँपरसँड लावून आपण गट नंबर देतो. आत स्टार लावून फंक्शन वावरात उतरतं. सी भाषा बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांच्या हाती आकाराला आली ती १९७२ च्या सुमारास, आणि परभणीचं कृषी विद्यापीठ स्थापन झालं तेही १९७२ च्या मे महिन्यात. निव्वळ योगायोग, पण मी तो वर्गात सांगतोच.

बहुतेक ठिकाणी शिकवणं इथं थांबतं. 'कॉल बाय व्हॅल्यू आणि कॉल बाय रेफरन्स यांतील फरक लिहा' हा परीक्षेतला हमखास प्रश्न. मुलं दोन रकाने आखून उत्तर पाठ करतात. माझं म्हणणं असं, की सीमध्ये दुसरा रकाना नाहीच. कर्निघन आणि रिची यांच्या १९७८ च्या पुस्तकात हे स्वच्छ सांगितलेलं आहे: फंक्शनला जे जातं ते व्हॅल्यूनंच जातं. पॉइंटर पाठवला तरी त्याची नक्कलच पोचते. घेणाऱ्यानं आपल्या चिठ्ठीवर दुसरा गट नंबर लिहिला तर तो दुसऱ्या वावरात जाईल, आपल्या खिशातली चिठ्ठी आहे तशीच राहील.

हा कीस काढणं नव्हे. लिंक्ड लिस्टपाशी त्याचा हिशेब चुकता करावा लागतो. यादीच्या सुरुवातीला नवा नोड जोडायचा म्हणून मुलं हेड हा पॉइंटर फंक्शनला देतात आणि आत त्याच्यात नवा पत्ता भरतात. बाहेर येऊन पाहावं तर यादी जुनीच, नवा नोड मेमरीत बेवारस. "पॉइंटर तर दिला होता की, सर!" रकाने पाठ केलेला मुलगा इथं अडतो. नक्कल कळलेला अडत नाही: जे बदलायचं, त्याचा पत्ता द्यायचा. आकडा बदलायचा तर आकड्याचा, पॉइंटर बदलायचा तर पॉइंटरचा. दोन स्टार येतात ते त्यासाठी. स्टँडर्ड लायब्ररीतल्या 'स्ट्रटॉल'चा दुसरा पॅरामीटर असाच दोन स्टारचा आहे, कारण मजकुरातला आकडा कुठवर वाचला ते त्याला आपल्या पॉइंटरमध्ये लिहून ठेवायचं असतं. खराखुरा रेफरन्स हवा असेल तर तो सी प्लस प्लसमध्ये मिळेल.

पॉइंटरचं भय आमच्या पिढीच्या मनातून काढलं ते नागपूरच्या यशवंत कानेटकरांनी. 'लेट अस सी'मधले ते चौकोन, आत व्हॅल्यू आणि खाली पासष्ट हजारांच्या घरातला पत्ता, अजून डोळ्यांपुढे आहेत. ते आकडे टर्बो सीच्या सोळा बिटांच्या जगातले. तिथल्या साध्या मॉडेलमध्ये पॉइंटर २ बाइटचा, आजच्या चौसष्ट बिटांच्या मशीनवर ८ बाइटचा. पत्ता लांबलचक आला, वर प्रत्येक वेळी वेगळा आला, की मुलं घाबरतात. पत्ता पाठ करायचा नसतो, हे सांगूनही पटत नाही.

उलट, ज्याला पॉइंटर जमला तो तो सगळीकडे घालत सुटतो. समजा, मानवतच्या बाजारात कापसाचं वजन १,८४७ किलो भरलं. फंक्शनकडून १८ क्विंटल आणि ४७ किलो अशी दोन उत्तरं हवीत, पण ते परत देतं एकच. मग दोन व्हेरिएबलांचे पत्ते द्यायचे, हा पाठ्यपुस्तकातला मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे दोन्ही उत्तरं एका स्ट्रक्चरमध्ये घालून परत आणायची. लायब्ररीतलं 'डिव' फंक्शन भागाकार आणि बाकी असंच देतं. अशा छोट्या कामाला मला हाच मार्ग बरा वाटतो. आलेला पत्ता धड आहे की नल, ही काळजीच उरत नाही. हजारो नोंदींचं मोठं प्रकरण असेल तेव्हा पॉइंटरला पर्याय नाही, आणि तिथं फक्त वाचायचं असेल तर 'कॉन्स्ट' लिहायला आळस करू नये.

परीक्षेत फरक विचारला तर दोन रकाने जरूर आखा, मार्क घ्या. पण लॅबमध्ये एकदा स्वॅपच्या आत स्टार न लावता नुसत्या दोन पॉइंटरांचीच अदलाबदल करा. बाहेर काय छापलं जाईल ते आधी वहीत लिहा आणि मगच प्रोग्राम चालवा.