वयपत्रकातलं एक नाव

इथे सगळे कामाठीबागेतली छोटी आगगाडी, गल्लीतले गणपती, सेव-उसळ असल्या गोड आठवणी लिहितात आणि मी त्या आवडीने वाचते. आजची माझी आठवण तशी नाही. बरीच वर्षं कोणाला सांगितलीही नव्हती. पोस्ट लांबणार आहे, आधीच माफी मागून ठेवते.

मी नागरवाड्यातली. १९७७ साली लग्न होऊन इथे आले ती इथेच आहे. पी.टी.सी. झालेलं होतं, त्यामुळे पुढच्याच वर्षी एका मराठी प्राथमिक शाळेत नोकरी लागली. शाळेचं नाव लिहीत नाही, आता तिथे मराठीचे वर्गही राहिलेले नाहीत. पस्तीस वर्षं नोकरी केली, त्यातली निम्मी पहिलीच्या वर्गावर. जून उजाडला की ओट्यावर टेबल मांडायचं, समोर वयपत्रक उघडायचं (बाहेरच्यांसाठी : जनरल रजिस्टरला आम्ही गुजरातवाले वयपत्रक म्हणतो) आणि नावं लिहायला सुरुवात. माझं अक्षर चांगलं म्हणून ते काम कायम माझ्याकडे.

सन १९८७. शेजारच्या गल्लीतली एक बाई मुलाला घेऊन आली. सहा पूर्ण, अंगाने चांगला, कपडे स्वच्छ, डोक्याला तेल. मी विचारलं, "नाव काय तुझं?" तो म्हणाला, "नाव काय तुझं?" मला वाटलं चेष्टा करतोय. परत विचारलं, परत तेच, माझ्याच आवाजाच्या चढउतारासकट. आई घाईघाईने म्हणाली, "बाई, तो बोलतो, पण असंच बोलतो. शाळेत बसला की सुधारेल." मी नाव लिहिलं.

वर्गात चोपन्न मुलं होती. हा चवड्यांवर चालायचा. डब्याचं झाकण जमिनीवर भिंगरीसारखं फिरवत अर्धा तास बसायचा. घंटा वाजली की दोन्ही कानांवर हात ठेवून किंचाळायचा. मुलांनी दोन दिवसांत त्याचं नाव 'पोपट' पाडलं आणि खोटं कशाला सांगू, एकदा मीही हसले. पण प्रार्थना मात्र त्याला चौथ्या दिवशी तोंडपाठ होती. अख्खी, सुरात, एक शब्द इकडचा तिकडे नाही. सगळी शाळा डोळे मिटून उभी असायची आणि हा डोळे सताड उघडे ठेवून म्हणायचा.

तीन आठवडे काढले. एकदा तो वर्गातून निघून थेट रस्त्यावर गेला, सायकलवाल्याने धरून आणला. त्या दिवशी मोठ्या बाईंनी मला बोलावून सांगितलं, काय ते बघा. मी संध्याकाळी त्याच्या आईला म्हटलं, "सध्या घरीच ठेवा. इथे त्यालाच त्रास होतोय. पुढच्या वर्षी बघू." ती काही बोलली नाही. डबा आणि दप्तर उचललं, त्याचं मनगट धरलं आणि गेली.

आता जे सांगायचंय ते सांगते. काही महिन्यांनी नावं कमी करायची वेळ आली. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'सतत गैरहजर'. मी स्वतः. चांगल्या अक्षरात. येऊ नको म्हणून सांगणारी मी, आणि आला नाही म्हणून लिहिणारीही मीच.

पुढचं वर्ष आलं, ती काही आली नाही. मी बोलावलंही नाही. सात-आठ वर्षांनी खंडेराव मार्केटात भाजी घेताना भेटली. मुलगा मागे उभा होता, मिसरूड फुटलेली, हातात एक झाकण. मी काय बोलू ते सुचेना. तीच म्हणाली, "बाई, तुम्ही निदान तीन आठवडे तरी घेतलंत. बाकीच्यांनी तर ओट्यावरही चढू दिलं नाही." तिने हे मनापासून म्हटलं होतं. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

ही हकीगत आणखी टोचते ती बडोद्यामुळे. दर ११ मार्चला सयाजीराव महाराजांच्या जयंतीला पोरांपुढे भाषण करायची पाळी बहुतेक माझी. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं शिक्षण सुरू केलं, १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात, ज्या वेळी ब्रिटिश मुलखात कुणी तसं धाडस करत नव्हतं... हे सगळं मी घडाघडा बोलायची. सक्ती म्हणजे मुलांवर आणि आईबापांवर, एवढंच माझ्या डोक्यात. ती शाळेवरही असते, मास्तरणीवरही असते, हे कधी मनात आलं नाही.

ऑटिझम हा शब्द तेव्हा मला माहीत नव्हता. आमच्या पी.टी.सी.च्या पुस्तकात 'मंदबुद्धी' असा एक परिच्छेद होता, बस. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ मध्येच अशा मुलांचं वर्णन करून ठेवलेलं, पण ते नागरवाड्यापर्यंत कसं यावं? आपल्या सरकारी कायद्यालाही वेळ लागला. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यात हा नव्हता. १९९९ च्या नॅशनल ट्रस्टच्या कायद्यात ऑटिझम आला आणि शिक्षणाच्या हक्कासकट नीट यायला २०१६ चा कायदा उजाडला. हे मी निमित्त म्हणून सांगत नाही. शब्द माहीत नव्हता हे खरं, पण मूल समोर उभं होतं हेही खरंच.

आता दुसरी गोष्ट. माझी लेक आयर्लंडला असते, डब्लिनच्या पश्चिमेला. तिचा मुलगा, माझा नातू, घरात आम्ही त्याला सोनू म्हणतो, २०१८ चा. अडीच वर्षांचा झाला तरी हाक मारली की बघायचा नाही. व्हिडिओ कॉलवर मी "सोनू, आजी कुठाय?" म्हटलं की तोही म्हणायचा, "सोनू, आजी कुठाय?" लेक हसायची. मी फोन ठेवून स्वयंपाकघरात जाऊन बसले. मला कळलं होतं. लेकीला सांगायला मात्र मी चार महिने लावले. आजीने नातवाबद्दल असं बोलू नये म्हणून असेल, किंवा ते बोलताना १९८७ सांगावं लागेल म्हणून असेल.

निदान झालं आणि मग शाळेची शोधाशोध. तिकडे नेहमीच्या प्राथमिक शाळेतच ऑटिझमच्या मुलांचा वेगळा वर्ग असतो. एका वर्गात सहा मुलं, एक शिक्षिका आणि मदतीला दोन सहायक. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, सहा? आमच्या एका बाकाभोवती त्याहून जास्त असायची. पण सहाच जागा म्हणजे सातव्याला नाही, हे लवकरच कळलं. वर्ग सगळ्या शाळांत नसतात. आधी मानसशास्त्रज्ञांचा अहवाल लागतो, त्यात नुसतं निदान पुरत नाही, या मुलाला अशा वर्गाची गरज आहे असं स्पष्ट लिहिलेलं लागतं. मग कुठल्या शाळांत वर्ग आहेत त्याची यादी मिळते, आणि अर्ज ज्या त्या शाळेकडे आपणच करायचा. एखादं मूल वर जाईल किंवा गाव सोडेल तेव्हा जागा. तिथे २०१८ मध्ये कायदा करून मंत्र्याला असा वर्ग उघडायचा आदेश शाळेला देता येईल अशी सोय केली. म्हणजे बघा, शाळांना सांगावं तिकडेही लागतंच.

लेकीने अकरा शाळांत अर्ज केले. रात्री आमच्याकडे बारा वाजलेले असायचे आणि ती फोनवर पत्रं वाचून दाखवायची. सगळी पत्रं अतिशय गोड. 'आपण अर्ज केल्याबद्दल आभारी आहोत, या वर्षी जागा देऊ शकत नाही.' एका शाळेने फोनवर सांगितलं की दुसऱ्या शाळेत तो जास्त आनंदी राहील. लेक रडत नव्हती, नुसती वाचत होती. नवव्या पत्राच्या वेळी मी तिला सगळं सांगितलं. झाकण, प्रार्थना, 'सतत गैरहजर'. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, त्या काकूंना अकरा शाळा तरी होत्या का?" आणि फोन ठेवला. तीन दिवस तिचा फोन आला नाही.

मे महिन्यात एका शाळेचा फोन आला, एक जागा झाली होती.

मी २०२३ च्या ऑगस्टमध्ये गेले. तिकडचा व्हिसा तीनच महिन्यांचा मिळतो. पहिल्या दिवशी लेकीबरोबर मलाही दहा मिनिटं वर्गात बसू दिलं. सहा छोटी टेबलं, प्रत्येकाचं तोंड आपापल्या कोपऱ्याकडे. भिंतीवर चित्रांची पट्टी : आधी दप्तर, मग गोष्ट, मग खाऊ, मग अंगण. एक काम झालं की ते चित्र काढून खालच्या पिशवीत टाकायचं. बाजूला छोटी खोली, त्यात झोका आणि मंद दिवा, जीव घाबरला की तिथे जायचं. कानांवर घालायला मोठे हेडफोन खुंटीला टांगलेले. मी त्या हेडफोनकडेच बघत राहिले. कानांवर हात ठेवणाऱ्या पोराला मी "हात खाली!" म्हणून ओरडत होते हो.

दुसऱ्या महिन्यापासून सोनूला रोज वीस मिनिटं मोठ्या वर्गात गाण्याच्या तासाला नेऊ लागले, एक सहायक बरोबर. मला त्या वर्गातली हीच गोष्ट सगळ्यात पटली. वेगळी खोली एवढंच असतं तर ती अडगळीची खोली व्हायला वेळ लागला नसता. आणि नुसतं मोठ्या वर्गात नेऊन बसवलं असतं तर माझ्या चोपन्नांसारखं झालं असतं. एकाच शाळेत दोन्ही, आणि मधलं दार उघडं. घरी मात्र मराठीच बोला असं तिथल्या शिक्षिकेनेच सांगितलं. ओळखीतले काही लोक लेकीला म्हणत होते की आता फक्त इंग्रजी ठेव, पोर गोंधळेल. तसं काही झालं नाही. तो अजूनही "आजी कुठाय" मराठीतच म्हणतो.

परत आले. २०२४ च्या जूनमध्ये आमच्याच गल्लीतली एक सहा वर्षांची मुलगी, तिचा प्रवेश अडला होता. तिची आई मला मावशी म्हणते. म्हणाली, "मावशी, तुम्ही शाळेतल्या, जरा बरोबर या ना." सरकारी दवाखान्यातून दाखला झालेला होता. चाळीस प्रश्नांची एक चाचणी असते आपल्याकडे, त्यावरून टक्के काढतात. तिचे चाळीसच्या वर होते. म्हणजे २०१६ च्या कायद्याने सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण, जवळच्या शाळेत किंवा हवं तर विशेष शाळेत. हे सगळं मी वहीत उतरवून नेलं होतं. जुनी सवय.

मुख्याध्यापक सज्जन वाटले. खुर्ची दिली, पाणी दिलं. सगळं ऐकून म्हणाले, "बेन, अमारे त्यां सगवड नथी. छोकरीनेज तकलीफ थशे."

इथे त्यालाच त्रास होतोय. माझंच वाक्य, फक्त गुजरातीत.

मला राग यायला हवा होता, तो आलाच नाही, कारण त्या टेबलाच्या पलीकडे मी पस्तीस वर्षं बसले होते. तो माणूस वाईट नव्हता. त्याच्याकडे खरंच माणूस नव्हतं, खोली नव्हती. मी म्हटलं, "साहेब, सोय नाही हे खरं असेल. तेवढं लिहून द्या, प्रवेश नाकारला, कारण सोय नाही. सही आणि शिक्का." ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, शुक्रवारी या. शुक्रवारी प्रवेश झाला. मी चष्मा पुसून वयपत्रकात तिचं नाव नीट लिहिलंय का ते बघितलं. कारकुनाने विचारलं, "बा, तमे कोण?" म्हटलं, पाडोशी.

म्हणजे सगळं छान झालं असं नाही. तिच्या वर्गात एकेचाळीस मुलं आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा असं सांगितलंय, पण इथल्या विशेष शिक्षिकेकडे बऱ्याच शाळा आहेत, त्या आठवड्यातून दोनदा येतात. वेगळा वर्ग नाही, कॉम्प्युटरच्या खोलीत एक चटई टाकलेली आहे. मंगळवारी आणि गुरुवारी मी जाऊन बसते. पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवून सोनूच्या वर्गातल्यासारखी पट्टी केली आहे. झोक्याची चित्र-पट्टी नाही करता आली, कारण झोकाच नाही. मुलगी 'खाऊ'चं चित्र सगळ्यात आधी काढून पिशवीत टाकते, मग खाऊ मागते. हिशेब बरोबर आहे तिचा.

त्या मुलाची, म्हणजे आता चाळिशी ओलांडलेल्या माणसाची, चौकशी केली. आई गेली. तो भावाकडे मांजलपूरला असतो असं कळलं. पत्ता मिळालाय. अजून गेले नाहीये.

परवा त्या मुलीची आई सकाळी दारात आली. "मावशी, हिला तीन दिवस ताप आहे, शाळेत पाठवलं नाही. कळवायला पाहिजे का?" म्हटलं, हो, आत्ताच चिठ्ठी लिही. तारखा घाल, ताप होता असं लिही, आणि खाली सही कर. तिच्याकडे पेन नव्हतं, मी माझं दिलं.