एकटीने गेलं तर चालेल का?

मुलुंड हे मध्य रेल्वेवरचं मुंबईचं शेवटचं स्टेशन. पुढे ठाणं लागतं आणि महानगरपालिका बदलते. रस्त्याने गेलात तर चेकनाक्याला बदलते. आमच्या लहानपणी ‘नाक्यापलीकडे’ म्हणजे गावाला, असा सरळ हिशोब होता. त्यामुळे प्रवासावर लिहायचं ठरवलं तेव्हा कुठल्या जागांवर लिहायचं हा प्रश्नच पडला नाही. बाली आणि पॅरिसवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी ठाण्याच्या नाहीतर कल्याणच्या एसटी स्टँडवरून सुरू होणारे प्रवास लिहायला घेतले. एकटीने, एसटीने, शनिवार-रविवारात बसणारे.

ही गोष्ट २०२१ च्या हिवाळ्यातली. लॉकडाऊन संपून लोक घराबाहेर पडायला अधीर झाले होते आणि मी नोकरीत नवी होते. दिवसभर सर्व्हर, डेटाबेस आणि लॉग बघायचं काम, त्यामुळे साइट उभी करणं एका रविवारात झालं. डोमेन घेतलं, होस्टिंग घेतलं, फोटो चढवले. ऑफिसात दोघा-तिघांनी ‘इन्फ्लुएन्सर मॅडम’ म्हणायला सुरुवात केली. आईने एकच विचारलं, “यातून पैसे मिळतात का गं?”

तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मला हा धंदा कळत गेला.

पहिला मार्ग जाहिरातींचा. गूगलच्या जाहिराती लावल्या आणि खात्यात १० डॉलर साठले, की ते तुमच्या पत्त्यावर पिन असलेलं पत्र पाठवतात. साध्या टपालाने. तो पिन भरला की पत्ता खरा मानला जातो. बँकेत पैसे मात्र १०० डॉलर पूर्ण झाल्यावरच येतात. आमच्या पोस्टमनने ते पत्र आणून दिलं तेव्हा आईला वाटलं, परदेशी नोकरीचं काहीतरी आहे. १० पासून १०० पर्यंत जायला मला पुढचे चौदा महिने लागले. मराठीत वाचणारा माणूस कमी पैसे आणतो, कारण त्याला जाहिरात दाखवण्यासाठी बोली लावणारे कमी असतात. यात कुणाचा डाव नाही, लिलाव तसाच चालतो.

दुसरा मार्ग कमिशनचा. हॉटेल बुकिंगच्या साइटची लिंक लेखात द्यायची. वाचकाने त्या लिंकवरून खोली घेतली आणि खरंच जाऊन राहिला, तर तुम्हाला थोडा वाटा मिळतो. ऐकायला सरळ आहे. आता एक प्रवास घ्या. कल्याणहून माळशेजमार्गे आळेफाट्याकडे जाणारी एसटी तुम्हाला खुबी फाट्याला उतरवते. तिथून धरणाच्या भिंतीवरून चालत खिरेश्वर. गावात नागेश्वराचं जुनं मंदिर आहे आणि हरिश्चंद्रगडाची एक वाट इथूनच वर जाते. अशा गावांत राहायला घरं असतात. फोन करायचा, “काकू, शनिवारी येतेय, एकटीच आहे,” असं सांगायचं. पिठलं-भाकरी, गरम पाणी, अंथरूण-पांघरूण सगळं मिळतं. पण ती काकू कुठल्याच ॲपवर नाही. तिच्याकडे दहा मुली पाठवल्या तरी मला शून्य रुपये. घाटापलीकडच्या स्विमिंग पूलवाल्या रिसॉर्टला एक जोडपं पाठवलं तर पैसे येतात.

म्हणजे खोटं लिहा असं तुम्हाला कुणी सांगत नाही. पैसा फक्त एका दिशेने वाहतो आणि लिहिणारा हळूहळू त्याच बाजूला सरकतो. ‘मुंबईजवळची दहा अप्रतिम ठिकाणं’ अशा याद्या एकसारख्या का दिसतात, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

प्रवासातून पैसे मिळवायची कल्पना मराठीत जुनी आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले, ते घरची तंगी होती म्हणून. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, असं त्यांच्या कानावर आलं होतं. वाटेतच बंड सुरू झालं. झाशीला वेढा पडला तेव्हा ते झाशीत होते. जे काही मिळालं होतं ते लुटलं गेलं आणि ते गंगेच्या पाण्याची कावड घेऊन घरी परतले. पुष्कळ वर्षांनी त्यांनी हे सगळं लिहून काढलं आणि १९०७ साली चिंतामण विनायक वैद्य यांनी ते ‘माझा प्रवास’ म्हणून छापलं. धंदा म्हणून बघितलं तर ती मोहीम साफ तोट्यात गेली. तरी आज आपण तो मजकूर वाचतो, कारण झाशीबद्दल काय लिहावं यासाठी त्यांना कुणी पैसे दिले नव्हते.

दुसरं उदाहरण आमच्याच लाइनीवरचं. डोंबिवलीच्या ट्रेकक्षितिज संस्थेने महाराष्ट्रातल्या किल्ल्यांची माहिती कितीतरी वर्षांपासून मराठीत नेटवर ठेवली आहे. कसं जायचं, पाणी कुठे आहे, मुक्काम कुठे करता येईल. आमच्या पिढीतल्या अनेकांचा पहिला ट्रेक त्या माहितीवर झाला. ते काम हौसेने आणि आपुलकीने झालेलं आहे. मग मी पैसे नेमके कशाचे मागणार, हा प्रश्न उरतोच.

त्याचं उत्तर वाचकांच्या मेसेजमधून मिळालं. मी लिहीत होते डोंगर, देऊळ, सूर्यास्त. मेसेज येत होते वेगळेच. फाट्यावर संध्याकाळी दिवा असतो का? परतीची शेवटची गाडी चुकली तर काय? स्टँडवरचं बायकांचं स्वच्छतागृह वापरण्यासारखं आहे का, की कुलूप असतं? घरात दुसरी बाईमाणसं असतात का? नेटवर्क कुठपर्यंत येतं? आणि सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न एकच: “एकटीने गेलं तर चालेल का?”

विचारणाऱ्या सगळ्या माझ्या वयाच्या नव्हत्या. मार्च २०२३ मध्ये एसटीने महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत दिली, त्यानंतर आईच्या वयाच्या बायकांचे मेसेज वाढले. माझी आईसुद्धा त्यातलीच. अर्ध्या तिकिटात जव्हारला जाऊन ती आणि तिची मैत्रीण जयविलास राजवाडा बघून आल्या. घरी आल्यावर आईने राजवाड्याबद्दल दोन वाक्यं सांगितली आणि स्टँडबद्दल वीस.

तेव्हापासून मी लेख उलटे लिहायला लागले. वर गाडी, उतरायची जागा, परतीची वेळ, स्वच्छतागृह, मुक्काम. देखावा खाली. आणि गरज असेल तिथे पहिल्याच ओळीत: इथे एकटीने जाऊ नका. किंवा: पावसाळ्यात जाऊच नका.

या ‘जाऊ नका’ची किंमत मला एका रिसॉर्टने नीट समजावली. नाव सांगण्यात अर्थ नाही. त्यांनी दोन रात्री मुक्काम, जेवण आणि वर रोख रक्कम देऊ केली. अट साधी होती, लेख आधी त्यांना दाखवायचा. मी विचारलं, मुख्य रस्त्यापासून आत यायला रात्री वाहन मिळत नाही, हे लिहिलं तर चालेल का? पलीकडून उत्तर आलं, “मॅडम, पॉझिटिव्ह ठेवू या ना.” मी गेले नाही. त्या महिन्यात ते पैसे मला हवे होते, कॅमेऱ्याची लेन्स घ्यायची होती. लेन्स अजून घेतलेली नाही.

फुकटचा मुक्काम फुकट नसतो, हे तर सरकारही सांगतं. १ जुलै २०२२ पासून आयकरात नियम आला: धंद्यामुळे मिळालेला फायदा वस्तू किंवा सेवेच्या रूपात असेल आणि तो वर्षाला २०,००० रुपयांच्या वर गेला, तर देणाऱ्याने १० टक्के टीडीएस कापायचा. म्हणजे ते उत्पन्नच झालं. जाहिरात क्षेत्रातल्या अ‍ॅस्की या संस्थेने २०२१ मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं, की असा मोबदला घेतला असेल तर तो वाचकाला स्पष्ट दिसेल असा लिहायला हवा. हॉटेलचा मुक्कामसुद्धा त्यात येतो. नियम बरोबरच आहेत. पण ‘जाहिरात’ हा शब्द लिहून मोबदला उघड होतो. रात्री वाहन मिळत नाही, हे त्या शब्दातून कुणाला कळणार?

१६ जुलै २०२४ ला माणगावजवळच्या कुंभे धबधब्यापाशी एका तरुणीचा दरीत कोसळून मृत्यू झाला. ती प्रवासाचे व्हिडिओ करायची आणि मुलुंडची होती. माझी तिची ओळख नव्हती. पण त्या आठवड्यात बिल्डिंगमध्ये, लोकलमध्ये, ऑफिसात मला भेटणारा प्रत्येक माणूस आधी तिच्याबद्दल आणि मग माझ्याबद्दल बोलला. ‘रीलच्या नादात’ हे शब्द इतक्या सहज वापरले गेले की ऐकवत नव्हतं. तिच्याबद्दल निकाल देण्याचा हक्क मला नाही आणि त्या लोकांनाही नव्हता. मला फक्त या कामाचं गणित दिसत होतं. फोटो कड्याच्या टोकावरून चांगला येतो. पावसाळ्यातच धबधबा असतो आणि धबधब्यालाच सगळ्यात जास्त लोक बघतात. कितीतरी धबधब्यांवर जिल्हा प्रशासन दर पावसाळ्यात बंदीचे आदेश काढतं, पण ‘बंदी आहे’ या ओळीला लाइक मिळत नाहीत. आई तेव्हा काहीच बोलली नाही. पुढच्या शनिवारी निघताना मात्र तिने गाडीची वेळ, गावाचं नाव आणि काकूंचा नंबर कागदावर लिहून घेतला. आता तो कागद माझ्या प्रत्येक लेखाचा भाग आहे: घरी काय काय लिहून ठेवून निघायचं, त्याची यादी.

मधल्या काळात धंद्याचा पायाच हलला. सप्टेंबर २०२३ मध्ये गूगलने शोधाचे निकष बदलले आणि जगभरातल्या अनेक छोट्या प्रवास-साइटचे वाचक एकदम घटले. ऑगस्ट २०२४ पासून भारतातही शोधाच्या वरच एआयने लिहिलेलं उत्तर दिसायला लागलं. वाचकाला उत्तर तिथेच मिळतं, साइटवर यायची गरज उरत नाही. व्यवसायाने मी याच जगातली आहे, त्यामुळे मला राग वगैरे आला नाही. मी माझे लॉग उघडून बसले. ‘हरिश्चंद्रगड माहिती’ शोधून येणारे निम्म्याहून कमी झाले होते. ‘खुबी फाटा शेवटची एसटी’ शोधून येणारे तेवढेच होते. कारण शेवटची एसटी सणाला, शाळेच्या सुट्टीत, पावसात बदलते आणि ती विचारायला कुणीतरी आगारात फोन लावावा लागतो. मी लावते. दर दोन महिन्यांनी, एक्सेल शीट समोर ठेवून.

म्हणून आता मी ती शीटच विकते. ऋतूप्रमाणे बदलणारी एक पीडीएफ, १२० रुपये, यूपीआयने. गेल्या आर्थिक वर्षात ४१० प्रती गेल्या, म्हणजे ४९,२०० रुपये. जाहिरातींचे साधारण १४,०००. एका लेखाचं मानधन ५,०००. एकूण ६८,२००. खर्चात प्रवास ३१,०००, होस्टिंग आणि डोमेन ७,०००, फोन आणि किरकोळ ३,०००. हातात राहिले २७,२००. सेवांसाठी जीएसटीची नोंदणी २० लाखांच्या उलाढालीनंतर लागते, त्यामुळे ती काळजी मला या जन्मात तरी नसावी. आईने हा हिशोब बघून म्हटलं, “एवढ्यात तुझा एक महिनाही निघणार नाही.” खरं आहे. पण पगार आहे, म्हणूनच रिसॉर्टला नाही म्हणता येतं. नोकरी सोडून पूर्णवेळ प्रवास करा असं सांगणारे व्हिडिओ मीही बघते. नोकरी सोडली असती तर त्या फोनवर मी काय उत्तर दिलं असतं, याची मला खात्री नाही.

“मग ग्रुप का नेत नाहीस? त्यात पैसा आहे,” असं मित्र म्हणतात. आहे. पण तो निराळा धंदा आहे. साहसी पर्यटनासाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये धोरण आणलं, त्यात नोंदणी, प्रशिक्षित माणसं, प्रथमोपचार, सुरक्षेची साधनं हे सगळं येतं, आणि यायलाच हवं. वीस जणांच्या जिवाची जबाबदारी शुक्रवारी रात्री लॅपटॉप मिटून घेता येत नाही.

कॉलेजमधली मुलं विचारतात, ताई, आम्हीही सुरू करू का? करा. साइट एका रविवारात होईल. पैशाचं पहिलं वर्ष विसरा. जमाखर्च पहिल्या दिवसापासून वेगळ्या खात्यात ठेवा. आणि आपल्या भागातली अशी एक गोष्ट शोधा, जी कळण्यासाठी प्रत्यक्ष जावं लागतं किंवा फोन लावावा लागतो. तुमच्या गावची असेल तर उत्तमच.

परवा भांडुपहून एका बाईंचा मेसेज आला. वय ५४, पहिल्यांदाच एकटीने निघायचा विचार. त्यांनी ठरवलेल्या गावाची परतीची गाडी मागच्या महिन्यात बंद झाली होती. मी लिहिलं, या महिन्यात नको, गाडी सुरू झाली की कळवते. थोड्या वेळाने १२० रुपये जमा झाल्याचा मेसेज आला. खाली त्यांनी लिहिलं होतं: “मग दुसरं कुठलं, जिथे चालेल?”