तुळशीबागेची खरेदी आणि लोकरीचे चार टाके

सणाच्या खरेदीसंबंधीं आपल्याकडे दोन मतें नेहमीं ऐकूं येतात. घरांतील कर्त्या पुरुषांच्या मतें ती निव्वळ उधळपट्टी, आणि जिला ती करावी लागते त्या गृहिणीच्या मतें ती निव्वळ दगदग. दोन्ही मतांत तथ्य आहे. परंतु दहा-बारा माणसांच्या कुटुंबांत कोणाला काय द्यावयाचें याचा नीट विचार वर्षांतून एकदांच होतो, आणि तो या खरेदीच्या निमित्तानें होतो. त्या यादींत कोणाचें नांव अगोदर येतें, कोणाचें शेवटीं, आणि कोणासाठीं उरलेल्या पैशांत कांहींतरी उरकलें जातें, यावरून त्या घराची रीत सहज कळून येते. दिवाळीपूर्वीं आठ दिवस आम्ही तिघी मैत्रिणी आपापल्या याद्या घेऊन पुण्याच्या पेठांत हिंडलों, तेव्हां या गोष्टीचा जो विचार निघाला तो वाचकभगिनींपुढें ठेवण्याजोगा वाटतो.

आम्ही दोघी कोथरूडला राहणाऱ्या, तिसरी सदाशिव पेठेंत. पूर्वीं कोथरूडहून मंडईंत जावयाचें म्हणजे रिक्षावाल्याची मनधरणी करण्यांतच निम्मा उत्साह संपून जाई. २९ सप्टेंबर २०२४ रोजीं जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी मार्ग सुरू झाला आणि ही अडचण बरीचशी दूर झाली. वनाझला गाडींत बसावें, घरांच्या गच्च्या आणि नदीचें पात्र पाहत जिल्हा न्यायालयापर्यंत यावें, तेथें सरकत्या जिन्यांनीं खोल भुयारांत उतरून दुसरी गाडी धरावी, कीं कसबा पेठेमागून मंडई हेंच स्थानक! खालीं सारें कसें स्वच्छ, गार आणि निःशब्द. वर पाऊल टाकावें तों कोथिंबिरीचा वास, झेंडूचे ढीग आणि हमालांच्या आरोळ्या.

मंडईची दगडी इमारत १८८६ सालीं उभी राहिली. त्या वेळचे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचें नांव तिला देण्यांत आलें होतें. मधोमध अष्टकोनी मनोरा आणि त्याच्या भोंवतीं पसरलेले गाळे, अशी तिची रचना आहे. नगरपालिकेचे सभासद असतांना जोतिराव फुले यांनीं या इमारतीवरील खर्चास विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे लावावा असें त्यांचें म्हणणें. पुढें रेसाहेबांचें नांव जाऊन त्याच इमारतीस महात्मा फुले यांचें नांव मिळालें. आजची गिऱ्हाइकें त्याच नांवाच्या छपराखालीं पाव किलो आल्यासाठीं घासाघीस करीत असतात. मूळचा वाद फारच थोड्यांच्या स्मरणांत आहे.

मंडईंतून तुळशीबाग हाकेच्या अंतरावर. पेशवाईंतील एक कर्तबगार अधिकारी नारो अप्पाजी खिरे यांनीं येथील राममंदिराचें काम १७६१ सालीं सुरू केलें. पानिपतचें वर्ष तें! काम पूर्ण होण्यास १७९५ साल उजाडलें. ज्या बागेवरून मंदिराला नांव मिळालें ती बाग आतां नाहीं. तिच्या जागीं दुकानें आहेत, आणि खिरे यांचें आडनांवही पुढें तुळशीबागवाले असेंच रूढ झालें. मंदिराच्या चौकांत पाऊल ठेवलें कीं बाहेरचा गलबला एकदम मंदावतो. आम्हीं रामरायापुढें हात जोडले, सभामंडपांत पांच मिनिटें विसावलों आणि मग पदर खोचून बाजारांत शिरलों.

त्या बाजाराचें वर्णन काय करावें! पितळी निरांजनें, तांब्याच्या पळ्या, देव्हाऱ्यांतील बोटभर उंचीचे बाळकृष्ण, त्यांना घालावयाचे जरीचे कपडे, रांगोळीचे छाप, उटण्याच्या पुड्या, किल्ल्यावर मांडावयाचे मातीचे मावळे, आणि या सर्वांच्या वर लोंबणारे आकाशकंदील. पितळेच्या भातुकलीपाशीं आमची दुसरी मैत्रीण अडून बसली. ती बँकेंतून निवृत्त झालेली, हिशेबाची पक्की. तिच्या यादींत पहिली रक्कम होती भाऊबीज निधीची. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९६ सालीं स्थापन केलेल्या संस्थेला दिवाळींत हा निधि देण्याचा प्रघात तिच्या माहेरीं तिच्या आजोबांपासून चालत आलेला. त्याखालीं नणंदा, भाचरें, जावयाचे आईवडील अशीं नांवें ओळीनें, आणि प्रत्येकासमोर आंकडा. नातीसाठीं जातें, खलबत्ता, बंब आणि चूल असा भातुकलीचा संच तिनें घेतला. "प्लास्टिकचा आणला असता तर दोन महिन्यांत मोडला असता, हा तिच्या लेकीपर्यंत टिकेल," हा तिचा हिशेब.

सदाशिव पेठेंतील मैत्रिणीची यादी मात्र निराळ्याच दुकानापाशीं अडली होती. एका अरुंद बोळांत लोकरीचें दुकान आहे. तेथें तिनें पिशवींतून मोरपंखी रंगाचा वीतभर धागा काढला आणि तोच रंग, त्याच खेपेचा, दोन गुंडे हवेत असें सांगितलें. विणणाऱ्या भगिनींना यांतील मर्म सांगावयास नको. रंगाचें नांव एकच असलें तरी प्रत्येक खेपेस छटा किंचित् बदलते. गुंडे शेजारीं धरले तर फरक दिसत नाहीं; विणून पाहिलें कीं उन्हांत पट्टा उठून दिसतो. म्हणून गुंड्याच्या कागदावरील खेपेचा आंकडा पाहून सारी लोकर एकदम घ्यावी हें बरें. दुकानदारानें सारी फळी उपसली तेव्हां त्या खेपेचा एकच गुंडा निघाला. दुसरा घ्यावा लागला तो पुढील खेपेचा. त्यावर मैत्रिणीचा तोडगा असा, कीं तो गुंडा गळ्याच्या आणि बटणांच्या पट्टीला वापरावयाचा. तेथें वीणच निराळी असल्यानें छटेचा फरक खपून जातो.

आपण जिला सरसकट लोकर म्हणतों तिच्यांत आज पुष्कळसा भाग कृत्रिम धाग्याचाच असतो. ओळखावयाची खूण सोपी आहे. धाग्याचें टोंक जपून जाळून पाहावें. खरी लोकर जळत्या केंसांसारखी वास मारते, फार वेळ पेट धरीत नाहीं आणि तिची राख बोटांत चुरडली जाते. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याचा कठीण मणी बनतो. दोहोंचे गुणदोष निराळे. खरी लोकर ऊब जास्त देते, पण गरम पाण्यांत घालून चोळली तर आटून घट्ट होते. कृत्रिम धागा कसाही धुवावा, मात्र शेगडी, पणती आणि फटाके यांच्यापासून तो दूर ठेवला पाहिजे. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर आंखूड आणि राठ. तान्ह्या मुलाच्या टोपड्याला ती चालावयाची नाहीं. परंतु तिच्याच सुतावर चिंचोक्यांची खळ चढवून विणलेलें घोंगडें धनगराला पावसापासून आणि थंडीपासून वर्षानुवर्षें राखीत आलें आहे.

दुपारीं मैत्रिणीच्या घरीं जेवणें झालीं आणि आम्ही तिघी सुया घेऊन बसलों. तिच्या वयोवृद्ध सासूबाईही झोपाळ्यावर येऊन बसल्या. त्यांना आतां बारीक टाके दिसत नाहींत, तरीपण सुनेच्या विणीवरून नुसतीं बोटें फिरवून "येथें एक उलट टाका सुलट पडला आहे गं" असें त्यांनीं अचूक सांगितलें.

मोरपंखी स्वेटर कोणासाठीं, हें आम्हीं तेव्हां विचारलें. आम्हांला वाटलें, सुनेसाठीं किंवा जावेसाठीं असेल. तो निघाला भांड्यांना येणाऱ्या मावशींसाठीं! मावशी थंडींत पहाटे साडेपांचला घराबाहेर पडतात. रंग त्यांनींच निवडला. माप त्यांच्या अंगावरूनच घेतलें. बाह्या पाण्यांत भिजूं नयेत म्हणून कोपरापर्यंतच; ओट्यापाशीं येतांच चटकन् काढतां यावा म्हणून पुढून बटणें; आणि रोजच्या धुण्याला टिकावा म्हणून धागा कृत्रिम.

बँकेंतल्या मैत्रिणीनें लागलीच हिशेब मांडला. घेर चाळीस इंच, इंचाला पांच टाके, म्हणजे २००. लांबी चोवीस इंच, इंचाला सात ओळी, म्हणजे १६८. गुणाकार ३३,६००. बगल आणि गळा यांची वजावट करून ३०,००० धरले, बाह्यांचे ८,००० मिळवले, तर एकूण ३८,००० टाके. मिनिटाला पंचवीस टाके या वेगानें पंचवीस तासांहून अधिक वेळ. जोडणी आणि पट्ट्या धरून तीस तास. "यंत्राचा स्वेटर कितीतरी स्वस्त पडला असता," ती म्हणाली. "इंग्लंडांत विल्यम लीनें मोजे विणण्याचें यंत्र १५८९ सालींच केलें. मग हा खटाटोप कशाला? त्यापेक्षां त्यांच्या हातीं रोख पैसे दे. गरज कशाची आहे तें त्यांचें त्यांना ठाऊक."

हा आक्षेप खोटा नव्हे. आपल्याकडे कित्येक घरांतून जुनें लुगडें किंवा मिठाईचा पुडा देऊन दिवाळीची पोस्त चुकविण्याची युक्ति चालते, आणि वर मायेचा आव आणला जातो. मैत्रिणीनें उत्तर देण्यापूर्वींच सासूबाई बोलल्या. "पोस्त वेगळी आणि भेट वेगळी. महिन्याचा पूर्ण पगार पोस्त म्हणून हिनें अगोदरच दिला आहे. मीच मोजून घेतला. तो त्यांचा हक्क. तो कापून स्वेटर दिला असता, तर त्याला मीं भेट म्हटलें नसतें."

"आणि यंत्राच्या स्वेटरला आंखूड बाह्या मिळतील, पण मावशींच्या मापाच्या मिळणार नाहींत," मैत्रीण हळूच म्हणाली. "शिवाय तीस तासांचें काय? त्यांनीं माझ्या घरीं किती तास घातले आहेत, याचा हिशेब मांडूं या का?"

त्यावर बँकेंतली मैत्रीण कांहीं बोलली नाहीं. थोड्या वेळानें तिनें आपली यादी पुढें ओढली. तळाशीं "कामवाली, किरकोळ" असें लिहिलेलें होतें. "किरकोळ" हा शब्द खोडून तिनें तेथें एक आंकडा घातला, आणि बाईंचें नांव लिहिलें. आडनांव मात्र तिला आठवेना. तिनें घरीं सुनेला फोन करून तें विचारून घेतलें.

हातानें विणलेली वस्तु श्रेष्ठ आणि विकतची कनिष्ठ, असें मला म्हणावयाचें नाहीं. प्रत्येकीला वेळ असतोच असें नाहीं, आणि न विणणाऱ्या बाईची माया कमी असते असेंही नाहीं. परंतु घेणाऱ्याचा रंग कोणता, माप काय, ती वस्तु तो कोठें आणि कशी वापरील, एवढी विचारपूस विकतच्या वस्तूसाठींही करतां येते. आणि ज्यांचें देणें आहे त्यांचें देणें अगोदर चुकवावें, भेटीचा विचार त्यानंतर. येत्या दिवाळीला याद्या करतांना भगिनींनीं एकदां तळापासून आरंभ करून पाहावा.