फ्रेंच टोपी आणि कोर्लईचं ‘काता’

मित्रांनो, एक छोटा प्रयोग करून पाहा. आज रात्री जेवताना आईला सांगा, “आई, मागच्या वर्षी मी रोज खेळायला जाई.” आईचा घास हातात राहील. “नाटकात काम मिळालंय का रे?” असंही विचारील कदाचित. खरं तर वाक्यात चूक काहीच नाही. ‘राजा रोज शिकारीला जाई’ हे तुम्ही गोष्टीत शंभरदा वाचलंय आणि तिथं कधी अडखळला नाहीत. पण बोलताना आपण म्हणतो ‘जायचो’. ‘जाई’ हे रूप गोष्टींच्या पुस्तकात राहायला गेलंय. आणि तेसुद्धा बहुतेक ‘तो’ आणि ‘ती’च्या बरोबर. ‘तू रोज शाळेत जाईस’ असं म्हणून पाहा. ऐकणाऱ्याला वाटेल, ज्योतिषी भविष्य सांगतोय!

हे मला आठवलं माझ्या भाचीमुळे. ती मुंबईला कॉलेजात फ्रेंच शिकते आणि सुट्टीत आमच्याकडे रेवदंड्याला येते. या वेळी तिच्या पिशवीत ज्यूल व्हर्नचं ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ होतं, मूळ फ्रेंचमधलं. (तोच तो फिलिआस फॉग, ज्याच्या वाटेत आपली मुंबई लागते.) ओसरीवर वाचता वाचता ती चिडली. “मामा, हे कसलं रूप आहे? अख्ख्या वर्गात कुणी बोलत नाही, मॅडम बोलत नाहीत, सिनेमात ऐकू येत नाही. मग हे पुस्तकात कशाला?”

ते रूप म्हणजे आपल्या ‘जाई’चं फ्रेंच भावंड. आता ते कसं घडतं ते सांगतो. घाबरू नका, गणितापेक्षा सोपं आहे.

‘गाणे’ या अर्थाचं फ्रेंच क्रियापद आहे ‘शाँते’. गोष्टी-कादंबऱ्यांत वापरायचा एक खास भूतकाळ फ्रेंचमध्ये असतो. त्यातलं ‘तू’चं रूप घ्यायचं. लिहिताना त्याच्या शेवटी ‘एस’ असतो, पण तो उच्चारायचा नाही, म्हणून ते ऐकू येतं नुसतं ‘शाँता’. त्याला आणखी एक ‘एस’ आणि ‘ई’ जोडा. झालं ‘शाँतास’. आता मघाचा मुका ‘एस’ बोलायला लागला! मी, तू आणि ते यांच्यासाठी ‘शाँतास’, आम्ही म्हणजे ‘शाँतास्यों’, तुम्ही म्हणजे ‘शाँतास्ये’. क्रियापद कितीही आडमुठं असो, हीच युक्ती चालते. ‘असणे’चं ‘फ्यू’, त्यावरून ‘फ्यूस’. ‘करणे’चं ‘फी’, त्यावरून ‘फीस’. ‘येणे’चं नाकातलं ‘व्हँ’, त्यावरून ‘व्हँस’. शेवटाला आ, ई, यू किंवा तो नाकातला अँ, एवढे चारच प्रकार. भाचीला मी वहीत चार ओळी काढून दिल्या, तिचा राग निम्मा उतरला.

राहिलं ‘तो’चं रूप. ते निराळं आहे आणि मला सगळ्यात आवडतं. तिथं ‘स’ ऐकूच येत नाही, उच्चार नुसता ‘शाँता’. मात्र लिहिताना त्या स्वराच्या डोक्यावर छपरासारखी एक छोटी टोपी घालतात. ती टोपी म्हणजे गेलेल्या ‘स’ची आठवण! फार जुन्या फ्रेंचमध्ये तिथं खरोखरच ‘एस’ लिहीत. बोलण्यातून तो केव्हाच गेला होता. १७४० साली फ्रेंच अकादमीच्या शब्दकोशाची तिसरी आवृत्ती निघाली, तिच्यात असे पुष्कळ मुके ‘एस’ काढून टाकले आणि अनेक ठिकाणी टोपी आली. इंग्रजीतलं ‘हॉस्पिटल’ फ्रेंचमध्ये ‘ओपिताल’ का, आणि ‘फॉरेस्ट’ तिकडे ‘फोरे’ का, तेही आता तुमच्या लक्षात येईल. दोन्ही शब्दांवर टोपी आहे.

आता हे रूप वापरायचं कुठं? ही दोन मराठी वाक्यं पाहा. ‘तिनं गावं अशी माझी इच्छा आहे.’ ‘तिनं गावं अशी माझी इच्छा होती.’ ‘आहे’चं ‘होती’ झालं, पण ‘गावं’ जागचं हललं नाही. आपल्या विध्यर्थाला काळाची पर्वा नसते. जुन्या फ्रेंचला मात्र पर्वा होती. इच्छा आजची असेल तर ‘गावं’ एक, इच्छा कालची असेल तर ‘गावं’ दुसरं. ते दुसरं, कालच्या इच्छेचं ‘गावं’, म्हणजे आपलं टोपीवालं रूप. इच्छा, भीती, गरज, शंका, असं जे अजून घडलेलं नाही, फक्त मनात आहे, त्याच्यासाठी.

हळूहळू फ्रेंच लोकांनी काय केलं? आपल्यासारखंच केलं! दोन्हीकडे एकच ‘गावं’ वापरू लागले. २६ फेब्रुवारी १९०१ ला फ्रान्सच्या शिक्षणखात्यानं आदेशच काढला की काही वाक्यांत विद्यार्थ्यानं जुन्या रूपाऐवजी साधं रूप लिहिलं तर ती चूक धरू नये. परीक्षेला बसणारी किती पोरं खूश झाली असतील, विचार करा. ‘शाँतास्यों’सारखी लांब शेपटीची रूपं तर आता फ्रेंच माणसालाही हसू आणतात, तुमच्या ‘जाईस’सारखी. पुस्तकात तगलं ते मुख्यतः ‘तो’चं टोपीवालं रूप. म्हणून भाचीला मी एवढंच सांगितलं, की बोलू नकोस, पण दिसलं की ओळख.

आता तुम्ही म्हणाल, रेवदंड्याच्या माणसाला फ्रेंचचं एवढं काय? तर १७७७ साली सँ ल्युबँ नावाचा फ्रेंच वकील जहाजातून आमच्या शेजारच्या चौल बंदरातच उतरला होता आणि इथून पुण्याला नाना फडणविसांकडे गेला होता. त्या काळी शिकलेला फ्रेंच माणूस पत्रात ही रूपं सहज लिहून जाई. (पाहा, माझ्याही लेखणीतून ‘जाई’ आलंच.)

पण आमच्याकडची खरी गंमत खाडीपलीकडे आहे. रेवदंड्याच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की कुंडलिकेच्या मुखाशी समोर एक लांबट डोंगर समुद्रात शिरलेला दिसतो. तो कोर्लईचा किल्ला. पोर्तुगीजांनी तो १५९४ साली निजामशाहीकडून घेतला आणि १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. पोर्तुगीज गेले. डोंगराच्या पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत त्यांची भाषा मात्र राहिली. म्हणजे त्यांची म्हणता येणार नाही, तिचं एव्हाना दुसरंच काही झालं होतं. लोक तिला ‘नॉ लिंग’ म्हणतात. अर्थ सोपा आहे, ‘आमची भाषा’. सुमारे हजार माणसं ती बोलतात. जगात दुसरीकडे कुठं ती बोलत नाहीत.

फ्रेंच आणि पोर्तुगीज या दोघी लॅटिनच्या लेकी. फ्रेंचचं ‘शाँते’ तेच पोर्तुगीजचं ‘काँतार’. आणि गंमत अशी, की फ्रेंचनं माळ्यावर टाकलेलं ते ‘स’वालं रूप पोर्तुगीजमध्ये आजही रोजच्या बोलण्यात आहे. ‘मी पक्षी असतो तर’ असं म्हणायचं झालं की लिस्बनमधलं पहिलीतलं पोरही ‘फोस’ म्हणतं. हा आपल्या ‘फ्यूस’चा सख्खा मावसभाऊ.

कोर्लईत ‘काँतार’चं झालं ‘काता’. त्याची रूपं किती? ‘काता’, ‘कातो’, ‘कातान’ आणि ‘काताद’. संपलं. मी, तू, तो, आम्ही, सगळ्यांना तेच. ‘गातोय’ म्हणायचं तर ‘तॅ कातान’, ‘गात होता’ म्हणायचं तर ‘ती कातान’. (ही ‘ती’ आपली ‘ती’ नव्हे हं! ते भूतकाळ दाखवणारं चिमुकलं चिन्ह आहे.) त्या ‘स’वाल्या रूपांचं कोष्टकच तिथं नाही.

यावरून काही शहाणी माणसं म्हणतात, “ती कसली भाषा, मोडकी पोर्तुगीज!” मला हे अगदी पटत नाही. मग आजचं फ्रेंचही मोडकंच म्हणा, आणि ‘जाई’ सोडून ‘जायचा’ म्हणणारी आपली मराठीही. क्लेमेंट्स नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं १९९६ साली या भाषेवर अख्खं पुस्तक लिहिलं, ते काय मोडतोडीची यादी म्हणून? पोर्तुगीजमध्ये क्रियापद वाक्याच्या मध्ये येतं. कोर्लईकरांनी ते उचलून आपल्या मराठीसारखं वाक्याच्या शेवटी नेऊन ठेवलं. याला मी घर नीट लावणं म्हणतो.

एक खंत मात्र आहे. पूर्वी खाडीमुळे गाव एका बाजूला होतं. १९८६ च्या सुमारास रेवदंडा-साळाव पूल झाला, येणंजाणं वाढलं, आणि ते चांगलंच झालं. शाळा मराठी, बाजार मराठी, पुढची नोकरी इंग्रजीत. मग ‘नॉ लिंग’ बोलायची कुठं? घरात, आजीशी. तिथल्या एक मावशी मला म्हणाल्या, “पोरगी समजते सगळं, पण उत्तर मराठीत देते.” पालकांनो, तुमच्याही घरात मालवणी, अहिराणी, आगरी, कोकणी काहीतरी असेल. मुलं उत्तर कशात देतात?

आणि जाता जाता भाचीला सगळ्यात आवडलेली गोष्ट. कोर्लईच्या भाषेत क्रियापदांचे चार गट आहेत. आ, ए आणि इ हे तीन पोर्तुगीजमधून आले. चौथा ‘उ’चा गट त्यांनी स्वतः तयार केला, तो खास मराठीतून आणलेल्या क्रियापदांसाठी. मराठी धातू घ्यायचा, त्याला ‘उ’ लावायचा, की तो ‘काता’च्या पंगतीत बसला. मग त्याला ‘काताद’सारखा ‘द’ही लागतो, ‘कातान’सारखा ‘न’ही. भाचीनं लगेच वहीत फ्रेंचच्या चार ओळींखाली पाचवी ओळ आखली आणि विचारलं, “मामा, उद्या तरीनं की पुलावरून?” पुलावरूनच गेलो. तर आता नाही मिळत सहज.