कापशी खुडूक बसली

आमच्याकडे कोंबड्या आहेत हे कळलं की मंडळाच्या कार्यक्रमात दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "वास नाही का येत?" आणि दुसरा, जरा आवाज खाली आणून, "मग तुम्ही त्या... कापता?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दर आठवड्याला भुसा बदलला तर येत नाही. दुसऱ्याला मी इतकी वर्षं "छे हो!" म्हणत आले. आता तसं म्हणता येत नाही. का, ते सांगते.

आम्ही रेडिंगच्या बाहेर राहतो. घरामागे लांबट बाग, टोकाला शेड, शेडला लागून खुराडं. लॉकडाऊनमध्ये इकडे बऱ्याच जणांनी केलं तेच आम्ही केलं, तीन कोंबड्या आणल्या. तपकिरी, संकरित, अंडी घालायच्या वयाला आलेल्या. अशी एक कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. पुढे लेकीच्या हट्टाखातर एक सिल्की आली. पांढरीशुभ्र, पिसं पिंजलेल्या कापसासारखी, म्हणून तिचं नाव कापशी. अंडी बेताचीच. घरात तिचा उपयोग म्हणजे कौतुक करून घेणं.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या. त्यांचा सगळा जन्म पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात गेला. दहा-पंधरा गावरान कोंबड्या त्यांच्या दारात कायम. माझ्या माहेरी, पुण्यात, अंडंसुद्धा घरात येत नसे. मी अंडी खायला लागले ती लग्नानंतर, मटण-कोंबडी अजून खात नाही. सासूबाईंना त्याचं कधी वावडं नव्हतं. त्या माझं ताट वेगळं वाढायच्या, विषय संपला.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी कापशीला सहज बगलेत घेतलं, पिसं फुंकून बाजूला केली आणि म्हणाल्या, "अगं, ही तर कडकनाथ! वरनं पांढरं पोलकं घातलंय नुसतं." खरंच, सिल्कीची कातडी काळी असते, हाडंसुद्धा काळी. मग त्यांनी पायाची बोटं मोजली. पाच. कोंबडीला चार असतात. "एक जास्तीचं कशाला दिलंय हिला?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

त्यांना न पटलेली गोष्ट एकच, उरलेली भाकरी कोंबड्यांना घालायची नाही ही. इंग्लंडात स्वयंपाकघरातून आलेलं काहीही कोंबड्यांना घालणं बेकायदा आहे, मग त्या चारच का असेनात. घर पूर्ण वीगन असेल तरच सूट. जनावरांचे रोग पसरू नयेत म्हणून केलेला नियम. "भाकरीनं कोंबडीला रोग?" असं म्हणून त्या गप्प बसल्या. पण बागेतली भाजी स्वयंपाकघरात जायच्या आधी घातली तर चालते हे कळल्यावर त्यांनी मागच्या दाराशी स्टूल टाकलं. बागेतली मेथी, कोथिंबीर, मुळ्याचा पाला सगळं तिथेच निवडायचं, देठं परस्पर कोंबड्यांना. सहा महिने आमच्या घरात एकही पालेभाजी न निवडता उंबरठा ओलांडून आली नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात कापशी अंडी घालायच्या खोक्यातून उठेना. हात घातला की अंग फुलवून दुप्पट व्हायची, घशातून घरघरायची, चोच मारायची. छातीखालची पिसं उपटून खाली अंथरलेली. म्हणजे उघडी कातडी थेट अंड्यांना लागावी. खाली अंडं एकही नव्हतं, ते मी सकाळीच काढून घेतलं होतं. ती रिकामा भुसा उबवत होती.

"खुडूक झालीय," सासूबाई दारातूनच म्हणाल्या.

इकडच्या पुस्तकांत यावर उपाय लिहिलेला असतो. तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात कोंबडीला दोन-चार दिवस ठेवायचं, खालून वारं लागलं की पोट गार पडतं आणि बसायची ओढ जाते. कारण खुडूक कोंबडी अंडी देत नाही. अंड्यांचा धंदा करणाऱ्यांनी म्हणूनच पिढ्यान् पिढ्या निवडून निवडून अशा जाती तयार केल्या, ज्यांना बसावंसंच वाटत नाही. लेगहॉर्न त्यातली प्रसिद्ध. आमच्या तिघी तपकिरी त्याच वळणाच्या. अंडं घालून त्याच्याकडे ढुंकूनही न पाहता दाण्याकडे पळतात. एका कोंबडीला आई व्हावंसं वाटणं हा तिच्यातला दोष ठरला. तो काढून टाकला, तेव्हा कुठे वर्षाची तीनशे अंडी हाती आली.

मी पिंजरा काढला होता. सासूबाईंनी तो हातानं बाजूला सरकवला. "बसायचंय तिला. बसू दे की गं. तुला काय दूध घालायचंय का पिल्लांना?"

आमच्याकडे कोंबडा नाही, त्यामुळे घरची अंडी उबवून उपयोग नव्हता. दहा मैलांवर एक छोटा शेतकरी आहे, त्याच्याकडून लाइट ससेक्स जातीची फळलेली सहा अंडी आणली. सासूबाईंनी ती मोजली आणि आणखी एक आणायला नवऱ्याला परत पाठवलं. अंडी बसवायची ती विषम, सम नाही. का? "तसंच असतंय." शेडमध्ये अंधाऱ्या कोपऱ्यात वेताची जुनी टोपली ठेवली, तळाला माती, वर पेंढा. पेंढ्यात त्यांनी बार्बेक्यूच्या पिशवीतला एक कोळसा खोचला, विजेच्या कडकडाटानं अंडी नासू नयेत म्हणून. मी काही बोलले नाही. अंड्यांवर पेन्सिलीनं खुणा मात्र मी केल्या, म्हणजे दुसऱ्या कोंबडीनं मध्येच येऊन अंडं घातलं तर ओळखू यावं. याला त्यांनी मान डोलावली. ११ मेच्या रात्री कापशीला अंधारात उचलून टोपलीत ठेवलं. तिनं चोचीनं एकेक अंडं पोटाखाली ओढून घेतलं, जरा हलली, पसरली आणि सपाट झाली. सातही दिसेनाशी.

मग एकवीस दिवस. दिवसातून एकदा ती उठायची, पंधरा-वीस मिनिटं. धावत दाण्याकडे, पाण्याकडे, एक भलीमोठी दुर्गंधी शिट, धुळीत दोन गिरक्या आणि परत टोपलीत. बाकी वेळ दगड. मधूनमधून अंडी फिरवायची, कडेची आत, आतली कडेला. यंत्रात अंडी ठेवली की साडेसदतीस अंश, एवढी दमटपणा, इतक्या वेळा फिरवणं, असं सगळं बघत बसावं लागतं. इथे थर्मामीटर नव्हता. आम्हाला काम एकच, तिला त्रास न देणं, आणि लेकीला ते सर्वात अवघड.

दहाव्या रात्री अंडी तपासली. गावाकडे सासूबाई मुठीची नळी करून अंडं उन्हाला धरतात. इथे मोबाइलचा दिवा होता. एक कोरं निघालं, नुसता पिवळा उजेड. एकात रक्ताचं कडं होतं, म्हणजे आतलं मेलेलं. बाकी पाचांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा आणि मध्ये एक काळा ठिपका, जो हलला. लेकीनं दिवा माझ्या हातात दिला आणि आजीच्या पदरात तोंड खुपसलं. भीतीनं नव्हे, असं ती अजून सांगते.

३१ मेला अंडी बोलायला लागली. पिल्लू कवच फोडण्याच्या आधीच आतून चिवचिवतं आणि कोंबडी वरून उत्तर देते, अगदी बारीक, पोटातल्या पोटात. तो आवाज कापशीनं आधी कधी काढला नव्हता. कुणी शिकवलं तिला? दुसऱ्या दिवशी एका अंड्याला टोच पडली आणि मग कितीतरी तास काहीच होईना. लेक नखानं टरफल सोलायला निघाली होती. आजीनं मनगट धरलं. आतल्या पडद्यात तेव्हाही रक्त फिरत असतं, घाईनं सोललं तर पिल्लू रक्तस्रावानं मरतं. आजीनं एवढंच सांगितलं, "त्याचं त्याला येऊ दे बाहेर. आपण ओढलं तर ते पायावर उभं राहत नाही." रात्रीपर्यंत पाच झाली.

पहिले दोन दिवस पिल्लांना खायला लागत नाही. बाहेर यायच्या आधी उरलेला बलक ती पोटात ओढून घेतात, त्यावर चालतं. म्हणून कोंबडी निवांत बसून राहते, मागे राहिलेल्याला वेळ मिळावा म्हणून. मग ती उठली आणि आमच्या त्या शोभेच्या कापशीचं काय झालं कोण जाणे! दाणा उचलायचा, टाकायचा, पुन्हा उचलायचा, 'टुक टुक टुक', की पाचही धावत. तिघी तपकिऱ्या तिच्यापेक्षा मोठ्या, पण पिल्लांच्या वाटेत आल्या की तिनं त्यांना बागेच्या टोकापर्यंत पिटाळलं. पाऊस आला की पंखांखाली पाच जोड पाय दिसायचे, बाकी काही नाही.

एकदा ती एकदम थिजली आणि वेगळाच लांब सूर काढला. पिल्लं जिथल्या तिथे झुडपात गडप. वर लाल घार फिरत होती. इंग्लंडातून या घारी नाहीशा झाल्या होत्या. १९८९ पासून शेजारच्या चिल्टर्न टेकड्यांत त्या पुन्हा आणून सोडल्या आणि आता आमच्या डोक्यावर रोज असतात. सासूबाईंनी कपाळावर हात धरून पाहिलं. "इथं पण हायतच का या?" त्या दिवशी त्यांचा चेहरा गावाकडच्यासारखा झाला होता. मग त्यांनी घारीला एक शिवी दिली, ती इथे छापता येणार नाही.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी पिल्लं बघून सांगितलं, "दोन तलंगा, तीन कोंबडे." पायाची जाडी, उभं राहायची ढब. मला काहीच कळलं नव्हतं, पण हिशोब उघड होता. अंड्यातून निघणाऱ्यांत निम्मे नरच असणार. आपण विकत आणतो त्या कोंबड्यांबरोबर नर येत नाहीत, कारण अंडी देणाऱ्या जातींचे नर पहिल्याच दिवशी वेगळे काढून मारले जातात. इकडे गॅसनं. त्यांतले बरेच प्राणिसंग्रहालयांत आणि पाळलेल्या ससाण्यांना खायला जातात. फ्री रेंज असो की ऑरगॅनिक, अंड्यांच्या मागे हे असतंच. जर्मनीनं २०२२ पासून ही पद्धत बंद केली, ब्रिटननं नाही. आमच्या तीन तपकिऱ्यांचेही भाऊ होते. त्यांचं काय झालं हे विचारायची वेळ माझ्यावर आली नव्हती. कापशीनं तिच्या पाचांतले तीन सरळ माझ्या दारात उभे केले.

जुलैच्या शेवटी एका सकाळी कापशीनं पिल्लांना टोचून दूर केलं. आईपण संपलं, पुन्हा कापूस. सप्टेंबरच्या मध्यावर पहिला कोंबडा आरवला, पहाटे पाचच्या आत. आठवडाभरात तिघे. शेजारच्या आजींनी दारातून एक सुंदर कार्ड टाकलं, फुलांचं चित्र, आत दोन ओळी. पक्षी फार गोड आहेत, आणि मला अलीकडे झोप लागत नाही. कोंबडा पाळू नये असा कायदा नाही, पण आवाजाचा त्रास सिद्ध झाला तर कौन्सिल बंदी घालू शकते. कायद्यापेक्षा त्या कार्डानं मला जास्त त्रास झाला.

मी दोन आठवडे गिऱ्हाईक शोधलं. फुकट द्यायला तयार होते, पण सगळेच फुकट द्यायला तयार असतात, घेणारा कुणी नसतो. अंडी दिलेल्या शेतकऱ्यानं हसून मान हलवली, त्याच्याकडचेच जास्त झाले होते. एक तेवढा ऑक्सफर्डकडच्या एका शेतावर गेला. राहिले दोन.

घरात बोलणं झालं. आपल्या कोंबड्या आपल्या आवारात आपल्या घरच्या खाण्यासाठी मारायला कायदा परवानगी देतो, विनाकारण वेदना होता कामा नये ही अट. सासूबाईंना इतकी चर्चा कशाला हेच समजेना. ज्या हातांनी त्यांनी या पिल्लांना बारीक दाणा घातला होता, त्याच हातांनी मसाला भाजायचा, यात त्यांना काही विसंगत वाटत नव्हतं. नवरा गप्प होता. मग म्हणाला, "मी करतो. पण त्याला पळवायचं नाही, घाबरवायचं नाही." तो त्या शेतकऱ्याकडे जाऊन नीट शिकून आला. लेकीला आम्ही खरं सांगितलं. तिनं विचारलं, "कोणते दोन?" आणि मग, "मी पुढच्या खोलीत बसेन."

ऑक्टोबरातला रविवार, उजाडायच्या आधी. सासूबाईंनी कोंबडा खुराड्यातून झोपेतच उचलला, छातीशी धरला, डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. नवऱ्यानं काम केलं. क्षणात झालं, पंखांची फडफड मात्र बराच वेळ चालली, ती होतेच. मग दुसरा. मी कंदील धरला होता. त्याचे हात नंतर थरथरत होते आणि त्याची आई त्याच्या पाठीवर थोपटत होती, तो काही बोलला नाही.

दुपारी रस्सा झाला, सुकं झालं. मी भाकऱ्या केल्या. मी खाल्लं नाही, लेकीनंही नाही, पण ती ताटावर शेवटपर्यंत बसली. चार दिवसांनी सासूबाई परत गेल्या.

या वर्षी मार्चमध्येच कापशी पुन्हा खुडूक झाली. मी लेकीला सुचवलं की यंदा अंडी नकोत, एक दिवसाची मादी पिल्लं विकत मिळतात. रात्रीच्या अंधारात खुडूक कोंबडीखाली सरकवली की ती आपलीच समजते. आरवणं नाही, कार्ड नाही, ऑक्टोबर नाही.

ती जोडे घालत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि त्यांचे भाऊ?"

मी फोन लावून दिला. आजी-नातीचं बराच वेळ चाललं. शेतकऱ्याकडून शनिवारी अंडी आणायचं ठरलं. सात. आणि कोळसा संपलाय, तो आणायचा आहे.