तुझ्या ओट्यावरच्या सुरीबद्दल

रामटेक,
मकरसंक्रांत

चि. सोनू हिस,


परवा फोनवर तू दोन गोष्टी विचारल्यास. मी दिलेल्या सुरीचं पातं पाठीच्या बाजूला काळं आणि खडबडीत का ठेवलंय, आणि कांदा चिरला की तिच्यावर निळसर करडे डाग का उमटतात. तुझ्या शेजारणीने ती हातात घेऊन कंपनीचं नावही शोधलं म्हणे. फोनवर मी दोन वाक्यांत उत्तर दिलं, पण या सुरीच्या मागे बराच काळ आणि बरीच माणसं आहेत. सुऱ्यांसाठी जगभर नावाजलेलं सोलिंगन तुझ्या ड्युसेलडॉर्फच्या शेजारीच आहे. त्या मुलखात आपल्याकडची सुरी नांदतेय, तेव्हा तिची हकीकत तुला नीट माहीत असायला हवी.

सुरुवात तुझ्या आजीपासून झाली. तिचा सगळा संसार विळीवर झाला. विळीचा पाट पायाखाली दाबायचा आणि भाजी दोन्ही हातांनी पात्यावर लोटायची. विळीचं पातं जागचं हलत नाही, भाजी हलते. त्यामुळे किती जाड, किती बारीक हे हातांना आपोआप कळतं. पुढे तिचे गुडघे धरले, जमिनीवर बसणं बंद झालं आणि ओट्याशी उभं राहून चिरायची वेळ आली. बाजारातल्या सुऱ्या तिला पटेनात. टोमॅटो कापण्याऐवजी दबतो आणि चार दिवसांत धार उतरते, हे तिचं म्हणणं खरं होतं. तिच्या विळीचं पातं गावच्या लोहाराने घडवलेलं होतं. "तसल्या पात्याची सुरी करून दे," असं तिने मला सांगितलं. मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो. आयुष्यभर कारखान्यात काम केल्याने कानस चालवायची सवय होती. मी लोहारकाकांच्या भट्टीवर गेलो.

काकांची भट्टी तू लहानपणी पाहिली आहेस. मृगाच्या आधी फाळ, वखराच्या पासा, विळे पाजवून घ्यायला तिथे शेतकऱ्यांची रांग लागायची. ट्रॅक्टर आला, तयार अवजारं दुकानात मिळू लागली, तशी रांग ओसरली. पण काका सांडशीत लोखंड धरतात आणि काकू समोरून घण घालतात, हे आजही तसंच आहे. काकूंचा घण जिथे पडायला हवा तिथेच पडतो. काका हातोडीने नुसता ठोका देऊन जागा दाखवतात, शब्द लागत नाही. मी तिथे शिकायला बसलो तेव्हा पहिले काही दिवस त्यांनी मला फक्त भाता फिरवायला दिला. आगीकडे बघत राहायचं, एवढंच काम. तेव्हा त्याचं कारण मला कळलं नव्हतं. आता वाटतं, त्यांनी सगळ्यात महत्त्वाचं शिक्षण आधी दिलं.

तुझी सुरी ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून घडली आहे. जबलपूर रस्त्यावरच्या गॅरेजांमागे असे मोडके पाटे भंगारात पडलेले असतात. त्यांच्या पोलादात साधारण अर्धा ते पाऊण टक्क्यापर्यंत कार्बन असतो. दिसायला हे प्रमाण नगण्य, पण पोलादाचं सगळं बळ त्यात आहे. खिडकीच्या गजात कार्बन फारच कमी असतो, म्हणून गज कितीही तापवून विझवला तरी त्याला टिकाऊ धार येत नाही. पाट्याचं पोलाद चांगलं, पण त्याला कारखान्यात चारशे-पाचशे अंशांवर मुरवून लवचीक केलेलं असतं, कारण त्याने वाकून पुन्हा सरळ व्हायचं असतं. सुरीला त्याहून बरीच जास्त कठीणता लागते. म्हणजे आधी तो पाटा लालभडक तापवून राखेत पुरायचा, रात्रभर सावकाश निवू द्यायचा, मऊ करायचा, घडवायचा, आणि शेवटी त्याला पुन्हा कठीण करायचं.

माझ्या सुरुवातीच्या सुऱ्या मी अजून ठेवल्या आहेत. फळीवर त्या ओळीने मांडल्या की शिकण्याचा सगळा प्रवास डोळ्यांना दिसतो. पहिल्या सुऱ्या जाड आहेत, पाठीशी चांगल्या पाच मिलिमीटर, टोकाला उगाच वळण दिलेलं, आणि पॉलिश मात्र आरशासारखं. नवशिक्याचं लक्ष आकाराकडे आणि चकाकीकडे जातं, कारण डोळ्यांना तेवढंच दिसतं. त्या सुरीने बटाटा चिरताना तो कापला जात नाही, फाकतो. धारेचा कोन कितीही बारीक केला तरी धारेच्या लगेच मागचं पोलाद जाड असेल तर ते पाचरीचं काम करतं. स्वयंपाकाच्या सुरीचं पातं धारेच्या मागे अर्ध्या मिलिमीटरहून पातळ हवं. आजीने पहिली सुरी हातात घेतली, एक बटाटा चिरला आणि म्हणाली, "ही बागेत ने." तेव्हापासून ती संत्र्याच्या बागेत आहे आणि फांद्या छाटायला उत्तम चालते.

पातं पातळ करायचं ठरवलं की खरी परीक्षा सुरू होते, कारण पातळ पातं आगीत आणि विझवताना सहज वाकतं किंवा चिरतं. इथे काकांची नजर कामी आली. तापलेलं पोलाद आधी गर्द लाल, मग चेरीसारखं लाल, मग केशरी, मग पिवळं होतं. केशरी असताना घण घालायचा. गर्द लालीवर ठोकत राहिलं तर आत चिरा पडतात. पांढरं होऊन ठिणग्या उडायला लागल्या की पोलाद जळायला लागलं, मग ते कामाचं राहत नाही. हे रंग उन्हात फसवतात. काकांची भट्टी अंधारी, छप्पर खाली उतरलेलं, ते याच कारणासाठी. सावलीत रंग खरा दिसतो. मी पुस्तकात वाचलं होतं की लोखंड साधारण ७७० अंशांना चुंबकाला चिकटणं सोडतं, आणि पाट्याच्या पोलादाला विझवण्याआधी त्याच्या थोडं वर न्यावं लागतं. म्हणून मी तारेला चुंबक बांधून नेला. काका डोळ्यांनी बघून "आता" म्हणायचे, मी चुंबक लावून पाहायचो. चुंबक सुटलेला असायचा. पुन्हा पुन्हा तेच घडलं. त्यांनी कधी अंश मोजले नव्हते, पण त्यांची नजर त्या आकड्याच्या पुढे-मागे जात नव्हती.

विझवण्याचं काम मात्र आम्हाला दोघांना मिळून शिकावं लागलं. काका विळ्याला, कोयत्याला पाण्यात विझवतात, तेही फक्त धारेची कड बुडवून. ती हत्यारं जाड असतात, त्यांना ते झेपतं. पण पाट्याच्या पोलादात मँगनीज, सिलिकॉन किंवा क्रोमियम मिसळलेलं असतं, त्यामुळे ते सावकाश निवलं तरी कठीण होतं; पाण्याचा झटका त्याला जास्त होतो. एका पातळ पात्याला पाण्यात नेलं तेव्हा "टिच्" असा बारीक आवाज आला आणि धारेपासून वर केसाएवढी चीर गेली. कठीण होताना पोलाद किंचित फुगतं. पातळ धार आधी निवून कठीण होते, जाड पाठ मागाहून, आणि त्या ओढाताणीत पातं फाटतं. काकांनी ते पातं उजेडात धरून बराच वेळ पाहिलं. मग आम्ही तेल घेतलं, ते कोमट केलं, आणि पातं टोकाकडून सरळ आत सोडलं. तेल पाण्यापेक्षा सावकाश उष्णता काढतं. चीर गेली नाही. नव्या कानशीने घासून पाहिलं तर कानस काचेवरून सरकावी तशी सरकली. काका हसले, आणि त्यांनी स्वतःच्या पुढच्या कामासाठी तेलाचा एक डबा भट्टीजवळ कायमचा ठेवला.

विझवलेलं पातं कठीण असतं पण ठिसूळही असतं. हातातून पडलं तर तुटू शकतं. म्हणून त्याला पुन्हा साधारण दोनशे अंशांवर तास-दोन तास मुरवायचं. मी त्यासाठी आपल्या घरातली केकची भट्टी वापरली. काकांची जुनी रीत वेगळी. ते पातं घासून उजळ करतात, पाठीला ऊब देतात आणि पृष्ठभागावर चढणारा रंग बघतात. आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळ्यावर थांबलं तर धार कठीण राहते, निळ्यापर्यंत गेलं तर पातं लवचीक होतं पण धार लवकर बसते. सुरी पिवळ्यावर थांबवायची, कुऱ्हाड त्याच्या पुढे न्यायची. मग धार पितळेच्या कांबीवर दाबून पाहायची: धारेचा कपचा उडाला तर जास्त कठीण, वाकून तशीच राहिली तर मऊ, वाकून परत सरळ झाली तर सुरी जमली.

तुझ्याकडे आहे ती सुरी या परीक्षेत उतरलेली माझी पहिली सुरी. पाठीजवळचा काळा खडबडीत पट्टा म्हणजे भट्टीत चढलेला थर आणि त्यावर काकूंच्या घणाच्या खुणा. त्या मी मुद्दाम घासल्या नाहीत. काम कुणी केलं हे त्यावर दिसायला हवं. मूठ शिसवीची, पितळी रिव्हेटांनी बसवलेली, जवसाचं तेल मुरवलेली. धार कुरुंदाच्या दगडावर लावली. कुरुंद आपल्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यातही सापडतो. आजीने तिच्यावर मेथीची जुडी चिरली आणि काही न बोलता दुसरी जुडी पुढे ओढली. पुढची किती तरी वर्षं तिने हीच वापरली, आणि तू परदेशी निघालीस तेव्हा तिनेच ती तुझ्या बॅगेत ठेवायला सांगितली.

ही विद्या आपल्या भागात फार जुनी आहे. रामटेकपासून जवळच, पेंच नदीकाठी नायकुंडला १९७८ ते १९८० च्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टी मिळाली. ती इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमाराची. माहुरझरीच्या शिळावर्तुळांत लोखंडी कुऱ्हाडी निघाल्या. दक्षिण भारतातल्या मुशीत गाळलेल्या वूट्झ पोलादाची ख्याती इतकी की १७९४ साली मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनला पाठवले आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यावर शोधनिबंध वाचला गेला. नंतर मायकेल फॅरडेने तसलं पोलाद बनवण्याचे प्रयोग केले. विजेवरच्या संशोधनासाठी आपण ज्याला ओळखतो तो फॅरडे स्वतः एका लोहाराचा मुलगा. त्या काळचे मोठे रसायनशास्त्रज्ञ जे समजून घ्यायला धडपडत होते, ते इथल्या कारागिरांच्या हातात होतं, फक्त कागदावर उतरलेलं नव्हतं. अजूनही बरंचसं उतरलेलं नाही. काकांच्या मुलांनी दुसरे व्यवसाय धरले. त्यांचं बरोबरही आहे, कारण या कामाला मान आणि मोबदला दोन्ही आपण दिले नाहीत.

सोलिंगनने आपल्या कारागिरीला दोन्ही दिलं. १९३८ पासून तिथे कायदा आहे: सोलिंगन हे नाव त्या भागात बनलेल्या पात्यालाच लावता येतं. ग्रेफ्राथला पात्यांचं स्वतंत्र संग्रहालय आहे, तिथे जरूर जा. तिथल्या दुकानातल्या बहुतेक सुऱ्यांच्या पोलादातही कार्बन अर्धा टक्काच असतो, आपल्या पाट्याइतकाच. फरक क्रोमियमचा. त्यात ते सुमारे पंधरा टक्के असतं, म्हणून त्या गंजत नाहीत. आपल्या सुरीत तेवढं नाही, म्हणून कांदा, लिंबू, कैरी यांच्या रसाने ती रंग बदलते. निळसर करडा रंग चांगला. तो थर पुढच्या गंजापासून पात्याला राखतो. तो घासून काढू नकोस. तांबूस रंग दिसला तर तो गंज, तेवढा मात्र लगेच काढ.

हे सगळं शिकून मला एकच गोष्ट पक्की कळली. सुरीचा कस डोळ्यांना दिसत नाही. तो आगीत आणि तेलात ठरतो, पॉलिशच्या कितीतरी आधी. म्हणून चांगली सुरी ओळखायची असेल तर ती रोज वापरावी लागते, आणि चांगला कारागीर ओळखायचा असेल तर त्याच्याजवळ बसावं लागतं.

तेव्हा ही सुरी शोभेला ठेवू नकोस. रोज चालव, वापरून झाली की लगेच धुऊन कोरडी कर, भांडी धुण्याच्या यंत्रात कधीही घालू नकोस, आणि महिन्यातून एकदा दगडावर धार लाव. पुढच्या सुट्टीत आलीस की चार दिवस रामटेकला राहा. काकांना मी सांगून ठेवलंय. त्यांच्या भट्टीवर एक पातं तू स्वतः घडव. शिकायला माणूस आला की ते हातातलं काम बाजूला ठेवतात.

तुझा,
मामा