भोकरचा मुक्काम आणि एक बिल

सहस्रकुंड पाहायचे, असे आमच्या घरात कितीतरी वर्षे नुसते चालले होते. पैनगंगेचा हा धबधबा नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या शिवेवर आहे. लांबून माणसे पाहायला येतात आणि आम्ही नांदेडचे असून पाहिला नव्हता. शेवटी ऑगस्ट 2025 मधल्या पहिल्या रविवारी निघालो. मी, आमची सौभाग्यवती, धाकटी लेक आणि सोबत दशम्यांचा डबा. गाडी आमचीच, पण दुसऱ्याच्या हाताखालून आलेली. सेवानिवृत्तीच्या पैशातून घेतलेली ही वस्तू आम्ही लेकरासारखी पुसून ठेवतो. पुसणे आणि निगा राखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी कळायचे होते.

आसनेचा पूल ओलांडला. दाभडला बावरीनगरच्या महाविहाराला गाडीतूनच हात जोडले आणि भोकर फाट्यावर उजवीकडे वळलो. अर्धापूरकडचा हा पट्टा केळीचा आणि हळदीचा. पावसाने सगळे हिरवेगार झालेले. पुढे बारड मागे पडले आणि माती बदलत गेली, कापूस आणि सोयाबीन दिसू लागले. आम्ही गाणी लावली होती. तेवढ्यात सौभाग्यवती म्हणाली, "अहो, तो काटा लाल रेघेवर गेलाय. थांबा की."

मी थांबलो नाही. भोकर आले म्हणता म्हणता येईल, तिथे पाहू, असे म्हणून आणखी आठ-दहा किलोमीटर रेटले. या आठ-दहा किलोमीटरांची किंमत पुढे कळली. गावाच्या दोन-तीन किलोमीटर अलीकडे बॉनेटमधून वाफ आली आणि गाडीने जीव सोडला.

एका पिकअपवाल्याने दोर बांधून गाडी भोकरला आणली. रविवार असूनही एक गॅरेज उघडे होते. मिस्त्री तिशीतला, हात कोपरापर्यंत काळे. त्याने ऑईलची पट्टी काढून पाहिली, ऑईलला दुधाळ रंग आला होता. "काका, गाडी पाणी पिऊ लालीय. हेड गॅस्केट गेलं. हेड उघडावं लागतंय."

"किती लागतील?"

"सात-आठ हजारात होऊन जाईल."

मायलेकींना एस.टी.ने नांदेडला धाडले. दशम्या मिस्त्रीच्या पोरांनी आणि मी मिळून खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी फोन आला की हेड वाकले आहे, फेसिंगसाठी नांदेडला पाठवावे लागेल, वॉटर पंपही गळतो आहे. मी म्हणालो, "करा." किती लागतील हे काही मी विचारले नाही. बाजारात मेथीच्या जुडीला दोन रुपये कमी करून घेणारा माणूस इंजिनापुढे गप्प बसतो. आपल्याला त्यातले कळत नाही याची लाज वाटते, हेच त्याचे कारण.

त्या आठवड्यात मी दोनदा भोकरला गेलो आणि एकदा मेहुण्याकडे मुक्काम केला. एरवी हे गाव वर्तमानपत्रात दिसते ते निवडणुकीपुरते. शंकरराव चव्हाण, अशोक चव्हाण आणि 2024 पासून श्रीजया चव्हाण, एकाच घरातल्या तीन पिढ्या इथून विधानसभेत गेल्या. पण गाव म्हणून पाहिले तर हा एक मोठा नाका आहे. रेल्वे मुदखेडहून येते आणि हिमायतनगर, किनवट करत आदिलाबादला जाते. तेलंगणातले भैंसा इथून जवळ. गॅरेजातली पोरे आपसात अर्धे मराठी, अर्धे तेलुगू बोलत. पाना मागायचा मराठीत आणि शिवी द्यायची तेलुगूत! 1956 पर्यंत नांदेड आणि आदिलाबाद एकाच हैदराबाद राज्यात होते. नकाशावर रेघ ओढली गेली, पण जिभेवर ती अजून नीट उमटलेली नाही.

मेहुण्याच्या ओट्यावर बसून मी इंजिनाचे शिक्षण घेतले. त्याचा मुलगा आय.टी.आय. झालेला आहे. त्याने वहीत चित्र काढून सांगितले, "मामा, वॉटर पंप म्हणजे इंजिनाचं काळीज. तो पाणी फिरवतो. तो गळला की पाणी कमी होतं आणि इंजिन तापतं. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतंय, ते तापून वाकतं. मग हेड आणि ब्लॉकच्या मधली गॅस्केट फाटते आणि पाणी ऑईलमध्ये जातं. तुमच्या गाडीत पंप टायमिंग बेल्टवर चालतो, म्हणून पंप बदलताना बेल्टही बदलतात, खोलायची मजुरी एकदाच लागते."

"आणि काटा लाल झाल्या झाल्या थांबलो असतो तर?"

तो हसला. "तर पंप, बेल्ट आणि पाणी, एवढ्यावर भागलं असतं. पण गाडी तापलेली असताना झाकण उघडायचं नाही बरं, भाजतं."

शनिवारी गाडी तयार झाली. मालकाने डायरीचे एक पान फाडून हातात दिले. त्यावर नुसता आकडा होता, 37,950 रुपये.

वाचकहो, तेव्हा माझ्या खिशात काय होते ते सांगतो. लेक नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या फीच्या हप्त्याचे पंचवीस हजार मी बँकेतून काढून ठेवले होते आणि त्यातलेच सात-आठ जातील या हिशेबाने सोबत आणले होते. सायकलसुद्धा नसलेल्या घरात मी वाढलो. आमच्या बापाने मिस्त्रीच्या दुकानात कधी पाऊल ठेवले नाही. गाडी दारात उभी राहिली तेव्हा गल्लीतल्या लोकांनी पेढे मागितले होते. त्या गाडीपायी लेकीची फी जावी, हे माझ्या घशाखाली उतरेना.

आवाज न चढवता मी म्हणालो, "एकेक ओळ लिहून द्या. आणि काढलेले जुने सामान दाखवा."

मालक म्हणाला, "पक्कं बिल पाहिजे असेल तर अठरा टक्के वर लागतील."

इथे मेहुण्याच्या पोराचा उपयोग झाला. तो म्हणाला, "तुमचा जी.एस.टी. नंबर आहे का? असेल तर बिल द्यावंच लागतंय. नसेल तर कर लावताच येत नाही, पण बिल तरी द्याच." त्याचे बरोबर होते. सेवा देणाऱ्याची उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या आत असेल तर त्याला नोंदणी सक्तीची नाही, पण ज्याची नोंदणी नाही त्याने गिऱ्हाइकाकडून हा कर घ्यायचा नसतो. आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणे ही अनुचित प्रथा ठरवलेली आहे.

मग ओळी उतरल्या. गॅस्केटचा संच 3,200. हेड फेसिंग आणि व्हॉल्व्हचे काम 4,500. पंप 2,350, बेल्ट 3,900. रेडिएटर नवा, 5,400. थर्मोस्टॅट, पाइप आणि क्लिपा 1,450. ऑईल, फिल्टर आणि कूलंट 3,350. ओढून आणण्याचे 800. मजुरी 7,500. आणि क्लच, 5,500!

"क्लच कुणी सांगितला होता?"

"काका, इंजिन खोललंच होतं, पाहिलं तर प्लेट संपलेली. तुमच्याच भल्यासाठी टाकली."

पंपाचा, बेल्टचा हिशेब मला पटला होता. हेडचा तर माझ्याच हाताने झालेला. पण हा क्लच? फोन माझ्या खिशात होता, एकदा विचारायला काय झाले असते? माझे भले कशात आहे हे दुसऱ्याने परस्पर ठरवावे, याचा मला लहानपणापासून तिटकारा आहे. पैशापेक्षा ते जास्त लागले.

पैसे न देता गाडी घेऊन जाता येईल का, असाही विचार आला. तसे करता येत नाही. 1872 च्या करार कायद्यानुसार ज्याने वस्तूवर मेहनत केली त्याला मजुरी मिळेपर्यंत ती अडवून ठेवण्याचा हक्क आहे. मिस्त्रीचाही घाम आहेच की. मात्र पैसे देताना आपली हरकत लिहून ठेवता येते. पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. 1915 या क्रमांकावर फोन करून आधी सल्ला घेता येतो.

तासभर बोलणे झाले. मध्ये चहा आला, तो मी नाकारला आणि पुन्हा आला तेव्हा घेतला. शेवटी क्लच बसवायची मजुरी आणि इतर काही मिळून 4,950 कमी झाले. 33,000 ठरले. पंचवीस मी दिले, आठ मेहुण्याने फोनवरून टाकले. बिलावर मी लिहिले, "क्लचचे काम न विचारता केले, हरकत ठेवून रक्कम दिली." मालकाने वाचले, कपाळावर आठी घातली, पण सही केली. जुनी क्लच प्लेट, पंप आणि फाटकी गॅस्केट मी पोत्यात घालून डिकीत ठेवली.

सोमवारी नांदेडला ओळखीच्या दुसऱ्या मिस्त्रीला ते पोते दाखवले. पंप पाहून त्याने मान हलवली. मग क्लच प्लेट बोटाने चाचपली. "ही तर रिव्हेटला लागलीय गुरुजी. महिनाभरसुद्धा गेली नसती."

म्हणजे भोकरचा मालक खोटे बोलला नव्हता. त्याने विचारले नव्हते, एवढेच. आयोगाकडचा अर्ज मी अर्धा लिहून ठेवला आहे. कधी वाटते पाठवावा, कधी त्या पोरांचे काळे हात आठवतात. मुदत ऑगस्ट 2027 पर्यंत आहे.

लेकीच्या कॉलेजात जाऊन हकिगत सांगितली. हप्त्याचे दोन भाग करून मिळाले, दुसरा दिवाळीनंतर भरला. मेहुण्याचे तीन हजार अजून द्यायचे आहेत. तो मागत नाही, पण त्याचा मुलगा भेटला की हटकून विचारतो, "मामा, काटा कुठंय?"

सहस्रकुंड राहिलेच. आदिलाबादच्या वाटेवर त्या नावाचे रेल्वे स्टेशनच आहे, हे आता कळले. पुढच्या पावसाळ्यात आगगाडीनेच जाऊ म्हणते ही, आणि येताना भोकरला उतरून मेहुण्याकडे जेवू.